मैदानाची शाळा

कल्याण स्थानक मागे टाकून आगगाडी कर्जतच्या दिशेने निघाली म्हणजे थोड्या थोड्या अंतराने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे लागतात. वाटेत मलंगगडाचा डोंगर दिसतो. बदलापुराच्या पुढे चंदेरीचा सुळका आकाशात डोके वर काढतो. सायंकाळी पाच-सहाच्या सुमारास गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्यास या तिन्ही शहरांत एक दृश्य हमखास आढळते. शाळेच्या पटांगणात, दोन इमारतींमधील जागेत, रस्त्याकडेच्या एखाद्या मोकळ्या तुकड्यावर मुले खेळण्यात दंग झालेली असतात. कोठे लंगडीचा डाव रंगलेला असतो, कोठे कबड्डीचा दम घुमत असतो, तर कोठे विटा रचून केलेल्या यष्टींपुढे एखादा छोटा फलंदाज उभा असतो.

अशाच वेळी एखाद्या घराच्या खिडकीतून हाक येते, “खेळ पुरे झाला, आता अभ्यासाला बस!” या हाकेत आईचे प्रेम असते आणि काळजीही असते. आपले मूल शिकावे, पुढे यावे, असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? परंतु या काळजीतूनच पुष्कळदा एक समजूत रूढ होते. ती अशी की, अभ्यास हे तेवढे खरे काम आणि खेळ म्हणजे वेळेची उधळपट्टी. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण अकरा ते तेरा वर्षांचे वय आयुष्यात एकदाच येते, आणि त्या वयात शरीराला व मनाला जे मिळावयास हवे, ते न मिळाल्यास पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

प्रथम शरीराचाच विचार करू. माणसाचे हाड दगडासारखे निर्जीव असते, असे अनेकांस वाटते. वस्तुतः ते जिवंत असते. त्यातील जुना भाग सतत झिजत असतो आणि नवा भरत असतो. मूल धावते, उडी मारते, तेव्हा प्रत्येक पावलासरशी त्याच्या हाडांवर भार येतो. तो भार सोसता यावा म्हणून शरीर त्या ठिकाणी अधिक कॅल्शियम साठवते आणि हाड भक्कम होते. हाडांचा हा ठेवा मुख्यतः बालपणी व किशोरवयातच जमा होतो. तिशी ओलांडल्यावर त्यात फारशी भर पडत नाही. उलट उतारवयात तो हळूहळू खर्ची पडू लागतो. ज्याची पुंजी मुळातच थोडी, त्याची हाडे म्हातारपणी लहानशा धक्क्यानेही मोडतात. आज अंगणात दोरीवरून उड्या मारणारी मुलगी नकळत आपल्या साठाव्या वर्षाची तरतूद करीत असते, असे म्हटल्यास ते खोटे ठरणार नाही.

हृदयाचेही तसेच आहे. हृदय हा एक स्नायू आहे, आणि कोणताही स्नायू कामाने बळकट होतो. स्वस्थ बसलेल्या मुलाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारणपणे ७० ते १०० पडतात. तेच मूल जीव तोडून धावू लागले की ते दीडशेच्याही पुढे जातात. श्वास जलद होतो, अंग तापते, घाम सुटतो. रोज नेमाने खेळणाऱ्या मुलाचे हृदय प्रत्येक ठोक्याबरोबर अधिक रक्त पुढे ढकलू लागते, आणि त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी श्रम पडतात. जिना चढताना धाप न लागणे, शाळेचे दप्तर घेऊन चालताना न थकणे, ही त्याची अगदी साधी फळे होत.

खेळाचा डोळ्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु तोही संबंध आहे. वही, पुस्तक आणि मोबाइल फोन या सर्व जवळून पाहावयाच्या वस्तू आहेत. जी मुले दिवसाचा पुरेसा वेळ घराबाहेर उजेडात घालवतात, त्यांच्यात लांबचे धूसर दिसण्याचा दोष कमी प्रमाणात उत्पन्न होतो, असे अभ्यासकांना आढळून आले आहे. शिवाय अंगावर पडणाऱ्या उन्हामुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शियम शरीराला शोषून घेता येते. म्हणजे हाडांना बळकटी देण्याचे काम मैदानावर दोन बाजूंनी चालू असते.

या सर्व गोष्टी ध्यानी घेऊनच जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी एक प्रमाण सांगितले आहे. त्यांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंग चांगले हलेल असा खेळ अथवा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी त्यात हाडांना व स्नायूंना बळ देणारे प्रकार असावेत. दिवसाच्या चोवीस तासांतील हा अवघा एक तास आहे.

तथापि खेळाचा लाभ शरीरापुरताच असता, तर सकाळी चार जोर-बैठका काढूनही काम भागले असते. व्यायाम एकट्यालाही करता येतो. परंतु बहुतेक मैदानी खेळ एकट्याला खेळता येत नाहीत. मैदानाचे खरे वैशिष्ट्य यातच आहे. ते ध्यानी यावे म्हणून आपल्या महाराष्ट्रात वाढलेल्या एका खेळाची घडण पाहू.

खो-खो हा खेळ जुना असला, तरी त्याला आजचे नियमबद्ध रूप विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधून देण्यात पुढाकार घेतला. या खेळाच्या परंपरागत पद्धतीत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्ट्यात एका ओळीत बसतात. एकाचे तोंड एका बाजूस, तर शेजारच्याचे विरुद्ध बाजूस. नववा गडी पळणाऱ्यांचा पाठलाग करतो. परंतु त्याच्यावर बंधने आहेत. एकदा एका दिशेने धावू लागल्यावर त्याला खांबापर्यंत पोहोचेतो मागे वळता येत नाही. ओळीतून पलीकडे जाण्याचीही त्याला मुभा नाही. पळणारा मात्र कोठूनही जाऊ शकतो, हूल देऊन क्षणात दिशा बदलू शकतो.

आता पाठलाग करणारा कितीही चपळ असला, तरी एकट्याच्या बळावर तो काय करणार? पळणारा ओळीच्या पलीकडे निसटला की त्याचा वेग निरुपयोगी ठरतो. त्या क्षणी त्याने ओळखले पाहिजे की, आता काम आपले नव्हे, पलीकडे तोंड करून बसलेल्या सोबत्याचे आहे. तो त्याच्या पाठीला हात लावून “खो!” म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. सोबती बाणासारखा सुटतो. खो द्यावयास उशीर झाला तर गडी निसटतो. घाई झाली तरीही निसटतो. बसलेल्यालाही गाफील राहून चालत नाही. कोणत्या क्षणी आपल्या पाठीवर हात पडेल, हे त्याला ठाऊक नसते.

या एका खेळात किती गोष्टी शिकावयास मिळतात! डोळ्यांनी पाहणे, मनाने ठरवणे आणि पायांनी ते अमलात आणणे ही तिन्ही कामे एका निमिषात करावी लागतात. अशा खेळाने चित्त एकाग्र होण्याची सवय लागते. दमून आलेल्या मुलाला रात्री गाढ झोप लागते आणि सकाळी ते ताज्या मनाने वर्गात बसते. म्हणूनच खेळाचा तास हा अभ्यासाचा वैरी नसून त्याचा सोबती आहे. परंतु याहूनही मोठी गोष्ट निराळी आहे. आपले बळ कोठे संपते व दुसऱ्याचे कोठे सुरू होते, हे ओळखून योग्य वेळी त्याच्या हाती काम सोपवणे, आणि सोपवल्यावर त्याच्या यशात आनंद मानणे, ही गोष्ट नुसत्या उपदेशाने अंगी बाणत नाही. ती खो देता देता अंगवळणी पडते.

कबड्डीत दुसरा धडा मिळतो. महाराष्ट्रात पूर्वी या खेळास हुतूतू म्हणत. चढाईसाठी गेलेला गडी पकडला गेला म्हणजे बाद होतो आणि त्याला मैदानाबाहेर जाऊन बसावे लागते. पण तेथेच त्याचा खेळ संपत नाही. त्याच्या संघातील दुसऱ्या कोणी प्रतिपक्षाचा गडी बाद केला की बाहेर बसलेल्यांपैकी एक जण पुन्हा आत येतो. म्हणून बाहेर बसलेला मुलगा रुसून घरी जात नाही. तो सोबत्यांना धीर देतो, कारण आपले परत येणे त्यांच्या पराक्रमावर अवलंबून आहे, हे त्याला कळते. हार ही लाजिरवाणी गोष्ट नसून खेळाचाच एक भाग आहे, हे ज्ञान लहानपणी मैदानावर झाले, तर पुढे परीक्षेत कमी गुण मिळाले अथवा एखादे काम फसले, तरी मन खचून जात नाही. तसेच पंचांचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी तो मानणे, आणि स्वतःचा पाय रेषेबाहेर पडला असता कोणी पाहिले नसले तरी तसे सांगणे, या प्रामाणिकपणाची कसोटी मैदानावर रोज लागते.

खेळ माणसांना जवळ कसे आणतो, हे समजण्यासाठी वर सांगितलेल्या तीन शहरांचा इतिहास उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी एक मोठी छावणी उभारण्यात आली होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातील असंख्य कुटुंबांना घरदार सोडून यावे लागले. त्यांतील हजारो कुटुंबांना या छावणीतील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी भारताचे त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे नव्या नगराची कोनशिला बसवली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील वस्त्यांना लोक अजूनही पहिला कॅम्प, दुसरा कॅम्प असेच म्हणतात.

अंबरनाथची कथा निराळी. वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांच्या काळी, इसवी सन १०६० मध्ये पूर्ण झालेले शिवमंदिर तेथे आजही उभे आहे. त्या प्राचीन गावाभोवती विसाव्या शतकात कारखाने उभे राहिले आणि कामाच्या शोधात नाना प्रांतांचे लोक येऊन वसले. बदलापूर तर अलीकडेच झपाट्याने वाढले. मुंबईत घर घेणे न परवडणारी कुटुंबे येथे आली आणि अजूनही येत आहेत. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. ती २०११ मध्ये सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली.

अशा शहरांतील शाळेत दर वर्षी नवी मुले येतात. कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या सिंधी, कोणाच्या हिंदी, गुजराती अथवा तेलुगू. वर्गात नव्या मुलाला पहिले काही दिवस संकोच वाटतो. भाषा अडते, ओळख नसते, डबा खाताना शेजारी कोण बसेल याचीही धाकधूक असते. परंतु मैदानावर ही अडचण लवकर दूर होते. चेंडूला भाषा नसते. ज्याला महाराष्ट्रात विटी-दांडू म्हणतात, तोच खेळ सिंधी मुलांच्या घरी इटी-डकर या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्राला कुस्तीचे वेड आहे, तशी सिंधी लोकांतही मलाखडा नावाची कुस्ती आहे; त्यात मल्ल एकमेकांच्या कमरेला बांधलेले फडके धरून झुंजतात. प्रांत बदलला, नाव बदलले, तरी खेळ ओळखीचा निघतो. आणि खेळाच्या ओळखीतून माणसाची ओळख होते. घर सोडून दूर आलेल्या मुलाला नव्या गावात पहिला मित्र पुष्कळदा मैदानावरच भेटतो.

तेव्हा मैदान सर्वांचे असले पाहिजे. परंतु ते खरोखर सर्वांचे असते काय? पुष्कळ ठिकाणी मुलगे खेळतात आणि मुली कडेला उभ्या राहून पाहतात. त्यांना घरकाम असते, किंवा “मुलीच्या जातीला हे शोभत नाही” असे ऐकावे लागते. हाडे, हृदय व डोळे ही मुलींनाही असतात. मग त्यांना खेळाची गरज कमी कशी? संधी मिळाल्यास मुली काय करू शकतात, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथील ललिता बाबर शाळेत असताना खो-खो खेळत असे. त्या धावण्यातूनच तिला लांब पल्ल्याच्या शर्यतींची वाट सापडली. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळवर विजय मिळवला. महिला संघाचे नेतृत्व प्रियांका इंगळे हिने केले आणि पुरुष संघाचे प्रतीक वाईकर याने. हे दोघेही महाराष्ट्राचे खेळाडू आहेत. आपल्या अंगणातला खेळ जगाच्या अंगणात गेला, तो असा.

ज्या मुलाच्या शरीरात काही उणीव आहे, त्यालाही मैदान परके असू नये. मुरलीकांत पेटकर हे महाराष्ट्रातील सैनिक मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. मुष्टियुद्ध सुटले, पण त्यांनी खेळ सोडला नाही. ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवले. असे वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय होत. प्रत्येकाला पेटकर होता येणार नाही, हे खरे. परंतु काठी घेऊन चालणाऱ्या सोबत्यालाही खेळता येईल असा डाव योजणे कोणत्याही शाळेतील मुलांना अशक्य नाही.

येथे खाशाबा जाधव यांचेही स्मरण होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. तांबड्या मातीत घडलेल्या खाशाबांना तेथील गादीवरची कुस्ती नवी होती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीला जावयाचे होते, पण जवळ पुरेसे पैसे नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. आखाड्यात मल्ल एकटा दिसतो. परंतु त्याच्या पाठीशी सारा गाव उभा असतो. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

तथापि पदके मिळवणारे फार थोडे असतात, आणि खेळाचे मोल पदकांवरून ठरवणे योग्यही नव्हे. हजारो मुले खो-खो खेळतात. त्यांतून विश्वचषकाच्या संघात जाणारी एखाद-दुसरीच. मग उरलेल्यांचा खेळ व्यर्थ गेला काय? मुळीच नाही. त्यांची हाडे भक्कम झाली, मने खंबीर झाली आणि त्यांना मित्र मिळाले. हीच त्यांची कमाई होय, आणि ती कोणाला हिरावून घेता येत नाही.

परंतु मैदानच हिरावले गेले तर? लहानशा क्षेत्रात वसलेल्या उल्हासनगरची लोकसंख्या २०११ साली पाच लाखांच्या वर होती. घरांवर घरे चढत आहेत, रस्त्यांवर वाहने वाढत आहेत आणि जेथे काल मुले चेंडू खेळत होती, तेथे आज वाहने उभी असतात. जेथे इमारत उठली, ती जागा पुन्हा मोकळी होणे कठीण. खो-खोच्या मैदानाला २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे केवळ ४३२ चौरस मीटर जागा पुरते. एवढ्याशा जागेत वर्षानुवर्षे शेकडो मुले आळीपाळीने खेळू शकतात. आपल्या देशाच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेत आवश्यक असलेल्या गोष्टींत वर्गखोल्या, पिण्याचे पाणी आणि ग्रंथालय यांच्याबरोबर क्रीडांगणाचा समावेश केला आहे. यावरून मैदान ही चैन नसून शिक्षणाची गरज आहे, हे स्पष्ट होते.

मैदान राखण्याच्या कामी मुलांचाही वाटा आहे. तेथे काचा व कचरा न टाकणे, खड्डे दिसल्यास ते बुजवण्यासाठी मोठ्यांना सांगणे, लहान मुलांना हुसकावून न लावता त्यांनाही पाळी देणे, या गोष्टी कोणालाही करता येतील. जागा अगदीच अपुरी असेल, तर थोड्या जागेत मावणारे खेळ आपल्याकडे थोडे नाहीत. लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या यांना खर्च जवळजवळ नाहीच. मल्लखांबाला तर एक खांब आणि चांगला शिक्षक असला म्हणजे पुरते.

मात्र खेळतानाही विवेक हवा. ‘अति तेथे माती’ हा नियम येथेही लागू आहे. वैशाखातील भर दुपारच्या उन्हात खेळू नये. सकाळची अथवा सायंकाळची वेळ निवडावी आणि मधून मधून पाणी प्यावे. खेळापूर्वी थोडे धावून व हातपाय ताणून अंग मोकळे करावे. डोक्याला मार लागल्यास तो लपवू नये. खेळ थांबवून तत्काळ मोठ्यांना सांगावे. पावसाळ्यात उल्हास नदी दुथडी भरून वाहते आणि पाण्याचा वेग वरून दिसतो त्याहून पुष्कळ अधिक असतो. म्हणून पोहण्याची हौस नदीवर भागवू नये, ती तलावात शिक्षकांच्या देखरेखीखाली पुरवावी. रुळांच्या आणि रहदारीच्या जवळ तर कधीही खेळू नये. चेंडू एक गेला तर दुसरा मिळतो. जीव दुसरा मिळत नाही.

सायंकाळ होते. दिवे लागतात. कामावर गेलेली माणसे गर्दीतून उभ्याने प्रवास करून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या फलाटांवर उतरतात आणि थकल्या पावलांनी घराकडे वळतात. मैदानातील मुलेही धुळीने माखलेले पाय घेऊन परततात. हातपाय धुऊन ती अभ्यासाला बसतात, तेव्हा त्यांचा मघाचा तास वाया गेलेला नसतो. शाळेने दिलेला धडा पुस्तकात लिहिलेला असतो. मैदानाने दिलेला धडा हाडांत, श्वासात आणि स्वभावात उतरतो. दोन्ही धडे गिरवले जातील, तेव्हाच शिक्षण पूर्ण होईल. म्हणून मुलांनी खेळावे, सोबत्यांना खेळू द्यावे, आणि जी मैदाने त्यांना मिळाली, ती आपल्यामागून येणाऱ्या मुलांसाठी जतन करावी.